सर्व काळातली पहिली

डावातला नववा बळी घेतल्यावर केतकीने मैदानावरच्या क्रमवारीच्या फलकाकडे बघायचं टाळलं. आणखी एक बळी मिळाला की राज्याच्या सर्व काळातल्या गोलंदाजांमध्ये ती पहिली येणार होती आणि हेमलता शिर्के दुसरी होणार होती. हेमलता तिची आई. ती समोरच बसली होती.

तेव्हाच्या खेळपट्ट्या, तेव्हाचे चेंडू, तेव्हाच्या फलंदाज, सगळं जमेस धरून क्रमवारी लावणारं यंत्र आजच्या आणि कालच्या गोलंदाजांना एकाच रांगेत उभं करायचं. कुठेही बळी पडला की रांग बदलायची. खेळ सोडून वीस वर्षं झाली, तरी आई रोज उठल्या उठल्या आपला नंबर बघायची.

केतकीने उरलेले चेंडू मुद्दाम बाहेर टाकले. षटक संपलं तशी आई सीमारेषेपाशी आली.

"काय चाललंय तुझं?"

"आई, तुझा नंबर जाईल गं."

"जाऊ दे. यष्टीवर टाक."

पुढच्या षटकात मधली यष्टी उडाली. फलकावरचं नाव बदललं. केतकी आईकडे धावली. आई रडत असेल असं तिला वाटलं होतं, पण ती हसत होती.

"सुटले बाई," आई म्हणाली. "इतक्या वर्षांत एक घास निवांत खाल्ला नव्हता."

परतीच्या बसमध्ये आई गाढ झोपली. रत्नागिरीत अजून एक सामना चालू होता आणि तिथल्या एका मुलीने सात बळी घेतले होते. केतकीला फोन खाली ठेववेना.