पहिल्या नंबराचं गाणं

वडील खिडकीशी बसून कॅसेटचा स्पंज चिकटवत होते. फितीला मागून दाबून धरणारा तो तांदळाएवढा तुकडा निखळला होता. कारखान्यात उभा जन्म लेथवर काढलेला माणूस, पण चिमट्यात स्पंज धरून श्वास रोखून बसला होता. मुलगी समोर स्टुलावर. चार दिवस माहेरी आली होती, उद्या परत निघायची होती.

ट्रंकेत अशा पुष्कळ कॅसेटी होत्या. तिच्या शाळेच्या दिवसांत आठवड्यातून एकदा रेडिओवर लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी लागायची. खालच्या नंबरापासून एकेक गाणं वर चढत जायचं आणि सगळ्यांत शेवटी पहिल्या नंबराचं. वडील तो कार्यक्रम टेप करून ठेवायचे. लहानपणी त्या कॅसेटींना हात लावायची सोय नव्हती. या खेपेला तिने त्या मनसोक्त ऐकल्या होत्या.

“बाबा, एक विचारू?”

“नको म्हटलं तर विचारणार नाहीस?”

“दुसऱ्या नंबराचं गाणं संपतं. निवेदक म्हणतो, ‘आणि आता...’ आणि खट्! प्रत्येक कॅसेटमध्ये तेच. पहिलं गाणं एकीतही नाही.”

“फीत संपत असेल.”

“नाही संपत. पुढे कोरी आहे. मी ऐकली शेवटपर्यंत.”

“कोरी फीत ऐकत बसलीस? जावईबापूंचं कठीण आहे.”

स्वयंपाकघरातून आईचं हसू ऐकू आलं. वडिलांनी स्पंज जागेवर टेकवला, नखाने हलकेच दाबला.

“सांगा ना.”

“पुढच्या खेपेला सांगतो. सगळं आजच सांगून टाकलं तर परत येशील कशाला?”

“म्हणजे कारण आहे तर!”

“कारणाशिवाय लेथसुद्धा थांबत नाही, बाईसाहेब.” त्यांनी कॅसेट टेबलावर ठेवली. “आज हिला हात लावायचा नाही. वाळू दे.”

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी ते बूट घालायला वाकले, ते उठलेच नाहीत.

घर माणसांनी भरलं, मग रिकामं होत गेलं. अशा वेळी असलं काही विचारायचं नसतं, हे तिला कळत होतं. पण तिला दुसरं काही विचारावंसंच वाटेना.

“चिक्कू होता गं तुझा बाप,” काका म्हणाले. “फीत वाचवत असणार.”

“पहिल्या नंबरावर त्याचा विश्वासच नव्हता,” वडिलांचे कारखान्यातले जोडीदार म्हणाले. “बक्षीस मिळालं तरी म्हणायचा, मोजायला चुकले असतील.”

दोन्ही उत्तरं वडिलांना शोभणारी होती. पण पुढच्या खेपेपर्यंत झाकून ठेवावं असं त्यांत काही नव्हतं.

शेवटचे पाहुणेही गेले, त्या दुपारी आई आणि ती कपाट आवरायला बसल्या. मुलीने कॅसेट लावली. स्पंज पक्का बसला होता, आवाज स्वच्छ येत होता. वडिलांचे शर्ट घड्या होऊन एकावर एक चढत राहिले. दुसऱ्या नंबराचं गाणं संपलं. “आणि आता...” निवेदक म्हणाला.

खट्.

“तू अजून तिथेच अडकलीयस?” आई म्हणाली. “साऱ्या गावाला विचारून झालं. मला नाही विचारलंस ते?”

“तुला माहितीये?”

“न माहीत असायला काय झालं? त्या एका खटक्यावरून भांडलेय मी. म्हटलं, अहो, फीत आहे शिल्लक, एवढं एक गाणं राहू द्या की. तर म्हणाले, ते टेपमध्ये आलं तर पोर सकाळी मला कशाला विचारेल?”

मुलीच्या हातातला शर्ट हातातच राहिला.

“सकाळी शाळा, म्हणून तुला आधीच निजवायचो,” आई सांगत होती. “उठलीस की डोळे चोळत पहिलं तेच. ‘बाबा, पहिलं कुठलं आलं?’ मग हे तुझी वेणी घालता घालता गायचे. आणि यांना गाणं यायचं काय, तर ते एकच, नावाड्याचं. तेही भसाड्या आवाजात. दर आठवड्याला आपलं नावाडी पहिला! गाणाऱ्यालासुद्धा पत्ता नसेल त्याच्या गाण्याने एवढं नाव काढलं म्हणून.”

मुलगी हसली. खूप दिवसांनी.

“तुला कधी वाटलं नाही गं, तेच तेच कसं येतं?”

मुलीने हातातला शर्ट घडी करून थप्पीवर ठेवला.

“भाबडी होतीस अगदी. यांनाच मेलं ते लागून राहिलं होतं. मोठी होईल, चार ठिकाणी ऐकेल, म्हणेल बापाने आपल्याला बनवलं. मागच्या खेपेला तू गेल्यावर म्हणाले, आता आली की सांगूनच टाकतो. रागावली तर रागावली.” आईने शर्टाची कॉलर सरळ केली, उगीचच परत एकदा केली. “राहिलं ते राहिलंच.”

कोरी फीत फिरत होती. खोलीत तिची बारीक खरखर तेवढी होती. मुलगी उठून टेपरेकॉर्डरपाशी गेली. बंद करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग पलीकडच्या खोलीत कुणी असावं तशी ती मोठ्याने म्हणाली,

“बाबा, मी जागी असायचे. पांघरुणातून रेडिओ ऐकायचे. खरं पहिलं गाणं मला दर वेळी माहीत असायचं.”