रेघ न् रेघ

"लाकडाला रंग फासणं म्हणजे सत्याचा गळा घोटणं!" निवृत्त पोस्टमास्तर गरजले.

"मग ती तिरकी फळी कशाखाली लपवणार?" बायकोने विचारलं.

परसदारचा लाकडी ओटा, ज्याला हल्ली डेक म्हणतात, त्यांनी एकट्याने बांधला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या टपालावर शिक्के मारले. स्वतःच्या हातून उभं राहिलेलं हे पहिलंच. त्याला शेवटचा हात कसला द्यायचा, यावर आठवडाभर घरात खल चालू होता. बायकोचं मत चॉकलेटी रंगाला, कारण त्याखाली सगळं झाकलं जातं. वॉर्निशचे उन्हापावसात पापुद्रे निघतात. राहिलं तेल. ते लाकडात मुरतं, पण लपवत काहीच नाही.

"तेलच," पोस्टमास्तर म्हणाले. "फळी दिसू दे. तीही मीच बसवलीय."

"दादा संध्याकाळी येतोय, लक्षात आहे ना?"

दादा म्हणजे तिचा फरशीवाला भाऊ. ओटा नजरेत भरला नाही, तर फळ्या उपटून फरशी टाकणार, असं त्याने जाहीर केलं होतं. फरशी टेम्पोत भरूनही ठेवली होती.

पोस्टमास्तरांनी सुरुवात पलीकडच्या कठड्यापासून केली आणि मागे सरकत दाराकडे आले. नवशिके स्वतःला कोपऱ्यात कोंडून घेतात; ते तसले नव्हते. घामाने चष्मा धुरकटत होता, म्हणून तो सुरुवातीलाच काढून त्या पलीकडच्या कठड्यावर ठेवला होता. हाताशी असलेलं त्यांना चष्म्याशिवायही दिसायचं.

संध्याकाळी मेहुणा दारात येऊन उभा राहिला. वाकून फळ्या न्याहाळू लागला.

"दाजी, हे तुम्ही केलंत?"

"मग काय पार्सलने आलं?"

"लाकूड काय उजळलंय हो! रेघ न् रेघ दिसतेय."

"आणि तिरकी फळी?"

"तीही दिसतेय. राहू द्या, भांगासारखी शोभतेय." मेहुण्याने खिशातून टेम्पोची किल्ली काढली. "फरशी परत नेतो."

बायको कुंपणाकडे वळली आणि शेजारच्या खिडकीपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या ह्यांनी केलाय!"

पोस्टमास्तरांची छाती सदऱ्यात मावेना. ओल्या ओट्याकडे डोळे बारीक करून ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"मेहुणे, जायच्या आधी कोळ्याची जाळी काढायची ती लांब काठी तेवढी आणा ना. चष्मा पलीकडे राहिलाय. मलाही एकदा बघायचंय."