पहिली फोड

"थांबा, सुरी आणते," म्हणत बायको आत गेली आणि मास्तरांनी पटकन मधल्या वाफ्याकडे पाहिलं.

अंगणात वीस-बावीस माणसं उभी होती. बागकाम मंडळाची मंडळी सकाळीच बाग बघायला आली होती आणि मास्तर तासभर बोलत होते. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर घालवलेला माणूस, पण जीभ आज कात्रीसारखी चालत होती. एका वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची बोटाएवढी असतानाच खुडायची. खरबुजांना अस्तराच्या कापडाची झोळी बांधायची, म्हणजे देठावर भार येत नाही. एकाने मास्तरांचीच टेप घेऊन खरबुजाचा घेर मोजला. "अडतीस! अहो, माझा शर्ट बसेल ह्याला!" सगळे हसले. मग मंडळाच्या चिटणीस बाईंनी वही उघडून विचारलं होतं, "आणि औषध?"

"थेंबसुद्धा नाही," मास्तर म्हणाले होते. आठ वर्षं हेच म्हणत आले होते. तोंडातून आपसूकच निघालं.

परवा पहाटे त्यांनी फवारलं होतं. अळीने तीन टोमॅटो पोखरले होते. लसूण-मिरचीचं पाणी मारून झालं, हाताने वेचून झालं, पण अळी हटेना. आणि मधल्या वाफ्यातला तो एक, पावणेदोन किलोचा, अजून शाबूत होता. मंडळी यायला दोनच दिवस उरले होते. बाटलीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, फवारणीनंतर सात दिवस फळ खाऊ नये. खातंय कोण, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं होतं. लोक बघतील, फोटो काढतील, जातील.

बायको पाट, सुरी आणि मीठ घेऊन आली ती थेट मधल्या वाफ्याकडे.

"अगं, आज नको तो. प्रदर्शनाला ठेवलाय."

"प्रदर्शनाला दुसरा वाढेल. इतकी माणसं आलीत, नुसतं बघून जाणार होय?" तिने देठ कापला. टोमॅटो दोन्ही तळव्यांत मावेना. तिने तो नळाखाली धरला, चांगला चोळून धुतला, आणि क्षणभर मास्तरांना वाटलं, जाईल धुऊन. पण दुकानदाराने बाटली देताना फुशारकीने सांगितलं होतं, हे आत मुरतं, पाण्याने जात नाही.

"पहिली फोड मावशींना," बायको म्हणाली.

मावशी मागच्या घरात राहायच्या. वेताच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसून सगळं ऐकत होत्या. इस्पितळातून घरी येऊन चार महिने झाले होते. डोक्यावर आता कुठे बोटभर केस आले होते. भाजी खायच्या ती ह्याच बागेतली, दर गुरुवारी पिशवी घेऊन यायच्या. त्यांनी फोड हातात घेतली, मीठ भुरभुरलं आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "मी उठून बसले ना, ती ह्या माणसाच्या हातचं खाऊन."

फोड ओठांपाशी गेली.

"मावशी, खाऊ नका!"

आवाज फारच मोठा निघाला. लोकांना गंमत वाटली. मावशीही हसल्या. "का हो, मीठ जास्त झालं?"

मास्तर पुढे झाले आणि त्यांच्या हातातून फोड काढून घेतली. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"औषध मारलंय."

बायकोची सुरी थांबली. "कधी?"

"परवा."

"मला कसं नाही दिसलं?"

"तू झोपली होतीस."

चिटणीस बाईंनी वही पर्समध्ये टाकली. टेपवाल्याने टेप गुंडाळून खिडकीत ठेवली. "बराच उशीर झाला," असं दोघं-तिघं एकदम म्हणाले आणि चपला शोधू लागले. एका बाईने जाता जाता नळावर हात धुतले. तिने कशालाच हात लावला नव्हता.

फाटक लागलं. मावशी खुर्चीतच होत्या, हात अंगापासून लांब धरून. बायकोने साबण आणि पाणी आणून त्यांचं एकेक बोट धुतलं. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

"गेल्या गुरुवारी मी नेले ते?" मावशींनी विचारलं.

"त्यांच्यावर नव्हतं मारलं. आईशप्पथ."

"आणि त्याच्या आधी?"

"आठ वर्षांत एकदाच, मावशी. परवाच फक्त."

"मघाशी म्हणालात, थेंबसुद्धा नाही." मावशींचा आवाज चढला नव्हता. "तेव्हाही चेहरा हाच होता."

मास्तर घरात गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत मागच्या आठवड्यात मावशींना दिलेल्यांबरोबरच उतरवलेले टोमॅटो पिकत ठेवले होते. त्यातला सगळ्यात मोठा घेऊन ते बाहेर आले, मावशींसमोर उभे राहिले आणि तसाच चावला. बिया हनुवटीवरून सदऱ्यावर सांडल्या. टोमॅटो अर्ध्या किलोचा तरी असेल. मध्येच त्यांना उमासा आला, पण ते थांबले नाहीत. बायको ओला टॉवेल धरून बघत राहिली. शेवटचा घास त्यांच्या गळ्याखाली उतरेपर्यंत मावशींनी नजर हलवली नाही.

हातात देठ तेवढा राहिला.

मावशी खुर्चीच्या हाताचा आधार घेत उठल्या. रिकाम्या पिशवीची चौपदरी घडी करून त्यांनी काखेत धरली.

"उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही कसे आहात ते बघायला."