बांधापलीकडचे ठसे

लिगुरियाच्या डोंगरातली ती उतरती सायकलवाट ओरेस्तेनं स्वतः लेकीसाठी खणली होती. वर्षापूर्वी ऑलिव्हच्या मळ्याजवळच्या वळणावर ओर्नेला सायकलवरून पडली आणि जागीच गेली.

"बंद कर रे ती वाट. रोज दुपारी तिचे ब्रेक करकरतात, मला ऐकवत नाही," बायको एर्सिलिया हुंदके देत म्हणाली.

"वारा असतो गं," तो म्हणाला. पण ऐकलं त्यानंही होतं.

दुपारी त्यानं वळणावर दगडांचा बांध घातला. हात झटकून पाहतो तर ओल्या मातीत एका सायकलीचा ताजा माग बांधापर्यंत आलेला. पलीकडे बुटांचे ठसे, त्याच्याच घराकडे उतरणारे.

खालून एर्सिलियाची हाक आली. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या आवाजात हसू होतं.

"ओरेस्ते, लवकर ये! पोरीला भूक लागलीय!"