शेवटचा टाका

"छंद म्हणून हवंय," कमलाकांत वकील म्हणाले. "घरच्या घरी काहीतरी करत बसावं. कुंड्यांचं स्टँड, बागेतली खुर्ची, असलं. वेल्डिंगचं मशीन स्वस्तातलं दाखवा, पण टिकणारं."

नत्थुजींनी फडकं घेऊन काउंटरवरची दोन मशिनं पुसली. अकोल्यात हत्यारांचं दुकान चालवता चालवता त्यांचे केस पिकले होते.

"हे पहा वकीलसाहेब, हे जुन्या पद्धतीचं, तांब्याच्या गुंडाळीचं. जिंदगीभर चालते, पण उचलता उचलत नाही. अन् घरच्या लाइनवर लावलं का शेजाऱ्याचे दिवे फडफडतात. हे दुसरं इन्व्हर्टरवालं. खांद्याले लटकवा अन् घरच्या प्लगवर चालवा. नव्या माणसाले हेच बरं."

"त्याहून लहान?"

"लहान आहे, पण दोन रॉड जळले का गरम होऊन बंद पडते. स्वस्तातलं घ्या, पण रडणारं नका घेऊ."

"यावर सळई किती जाड जोडता येईल?"

"कुंडीच्या स्टँडले किती जाड पाह्यजे?"

वकिलांनी अंगठा पुढे केला. "एवढी."

नत्थुजींनी मान वर करून पाहिलं. अंगठ्याएवढ्या सळईचं कुंडीचं स्टँड त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"साहेब, राग नका मानू. जाळी बनवून राहिले ना तुमी?"

 वकील चष्मा काढून रुमालानं पुसू लागले.

"मागच्या खोलीच्या दाराला. घरातलं माणूस निघून जातं हो. दोनदा गेली. एकदा एसटी स्टँडवर सापडली, एकदा नांदगाव खंडेश्वरच्या बसमधून उतरवून आणली."

"मंग एखाद्या कारागिराले काहून नाही बोलवत?"

"बाहेरचा माणूस घरात नको. उद्या गावभर होतं."

 नत्थुजींना आणखी काही विचारायची गरजच पडली नाही. त्यांची माय, माणिकबाई, शेवटी शेवटी सगळंच विसरली होती. माहेरी, हिवरखेडला जायचं म्हणून भर उन्हात निघायची. दाराला साधी कडी होती. एका दुपारी तिनं ती सरकवली. सापडली ती कोणाच्या तरी शेतातल्या विहिरीत. तेव्हापासून नत्थुजी घराबाहेर पडताना दार दोनदा ओढून पाहत.

"ओळखते का तुमाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता नाही. तोंडावर म्हणते, तुम्ही माझे कोणी नाही." वकिलांनी चष्मा पुन्हा चढवला. "ज्यांच्यासाठी आपण सगळं केलं, त्यांनी असं म्हणावं!"

"माही मायही असंच म्हणे," नत्थुजी म्हणाले.

त्यांनी इन्व्हर्टरवालंच मशीन दिलं. दुकानामागच्या पडवीत भंगारातले दोन तुकडे जोडून दाखवले. रॉड कसा तिरपा धरायचा, घाई कशी करायची नाही, ते सांगितलं. "काळ्या काचेशिवाय पाहू नका साहेब. डोळ्यात रेती भरल्यासारखं होते." वकिलांनी शाळकरी पोरासारखं सगळं ऐकून घेतलं.

आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. वेल्डिंगचे टाके धरत नव्हते. जाळी दारात बसली होती, पण धक्का दिला की खालचा कोपरा निखळत होता.

"मी येतो ना," नत्थुजी म्हणाले.

"नको, तुम्ही कशाला..." पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला. "बरं, या. पण एकटेच या."

नत्थुजी भर दुपारी दुकान बंद करून निघाले. वकिलांच्या बायकोनं, सिंधूबाईंनी, दार उघडलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. रोगी माणसापेक्षा त्याचं करणाराच आधी झिजतो, हे नत्थुजी भोगून बसले होते.

"ताई, धीर धरा," ते म्हणाले. "तुमचा काही दोष नाही."

सिंधूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मागच्या खोलीच्या दारात जाळी उभी होती. तिच्यामागे जाड पडदा होता.

"झोपलीय," वकील म्हणाले. "गोळी दिलीय. आवाजानं उठायची नाही."

टाके पाहून नत्थुजींना वाईट वाटलं. शेणाच्या पोवासारखे ढब्बे पडले होते. माणसानं रोज खपून, हात भाजून घेऊन, हे उभं केलं होतं. त्यांनी ते सगळे ठोकून काढले. मास्क चढवला आणि एकेक कोपरा नव्यानं भरत गेले. काळ्या काचेतून त्यांना फक्त वितळणारं लोखंड दिसत होतं. कडीवाला कोपरा त्यांनी दोनदा भरला. आपल्या मायसाठी जे कोणी केलं नाही, ते आपण दुसऱ्याच्या मायसाठी करून राहिलो, असं त्यांना वाटलं.

शेवटचा टाका मारून त्यांनी मास्क वर केला. दोन्ही हातांनी जाळी धरून अंगातलं सारं बळ लावून ओढली. तसूभर हलली नाही.

"झालं साहेब. आता हत्ती आला तरी हालत नाही. निजा आता सुखानं."

वकिलांनी त्यांचे दोन्ही हात धरले. 

तेवढ्यात पडदा सरकला. जाळीला धरून आत एक तरणी पोर उभी होती. गोळीची गुंगी अजून डोळ्यांत होती, पण शब्द साफ होते.

"काका, मी यांची मुलगी, जुईली. मी चांगली आहे, सज्ञान आहे. मला फक्त माझ्या मनानं लग्न करायचं होतं."