पुढचं वाक्य

“तर मी जाते आहे, अण्णा. पुढच्या सोमवारी तिकडे हजर व्हायचंय.”

“हं,” अण्णा म्हणाले. मांडीवरच्या पुस्तकातून त्यांनी मान वर केली नाही. कानावरची पेन्सिल काढून पुस्तकाला लागून ठेवलेल्या वहीवर टेकवली, क्षणभर तशीच धरली आणि पुन्हा कानावर खोचली.

भाजी निवडता निवडता ठकी थांबली. बदलीचा कागद ती आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होती. बढती होती, पण गाव दीड दिवसाच्या प्रवासावर होतं. नको म्हणायला उद्यापर्यंत मुदत होती. अण्णांनी नुसतं ‘कशाला गं एवढ्या लांब?’ म्हटलं असतं, तर तिने तो कागद तिथल्या तिथे भाजीच्या देठांबरोबर केरात टाकला असता.

पण अण्णा कसले म्हणतात! छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिथे जोडीदार हस्तलिखित मोठ्याने वाचायचा, अण्णा छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवायचे आणि ‘हं’ म्हणायचे. ‘हं’ आला की जोडीदार पुढे सरकायचा. तोच ‘हं’ घरी आला आणि जिभेला चिकटून बसला. “तुझ्या अण्णांच्या घराला आग लागली ना, तर ते आधी हातातलं पान संपवतील,” शेजारच्या मावशी म्हणायच्या. आई होती तोवर घरात निदान उत्तरं मिळायची. ती गेल्याला सहा वर्षं झाली होती.

ठकी बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसायची. “रंग कोणता? कुठे विसरलात? इथे सही करा.” आठवडाभर तोंडातून जायची ती एवढी तीनच वाक्यं. बाकी जे काही दिसायचं, सुचायचं, ते ती रविवारपर्यंत साठवायची आणि आपल्या खोलीवरून इथे वडिलांकडे येऊन, दोन दिवसांचा स्वयंपाक करता करता, त्यांच्यापुढे ओतायची. आणि अण्णा? ती बोलायला लागली की ते पुस्तकातलं आवडलेलं वाक्य वहीत उतरवत बसायचे. नेमके तेव्हाच! खाकी कागदाची कव्हरं घातलेल्या तसल्या वह्यांनी एक अख्खी फळी भरली होती. ठकीने त्यातली एकही कधी उघडली नव्हती. आपल्या वाट्याचं लक्ष ज्यांनी खाल्लं, त्या वह्या कोण हौसेने उघडेल?

“ऐकलंत ना, काय म्हटलं ते?” तिने विचारलं.

“हं.”

आता मात्र तिचा तोल सुटला. “या घरातल्या भिंती बऱ्या, अण्णा! त्या निदान आवाज परत तरी देतात. तुमच्याशी बोलणं म्हणजे—”

अण्णांची पेन्सिल चालू झाली होती. खाली मान, भराभर हात.

ठकी उठली आणि तिने वही हिसकावून घेतली. बघू तरी कोण एवढा शहाणा आहे, म्हणून तिने मधलंच पान उघडलं.

‘हरवलेला चष्मा न्यायला माणसं धापा टाकत येतात. छत्री न्यायला कुणी येत नाही. पाऊस थांबला की छत्री आपली राहत नाही. — ठकी.’

तिने पान उलटलं. ‘सापडलेल्या वस्तूपेक्षा, ती ओळखता आली याचाच माणसांना जास्त आनंद होतो. — ठकी.’ खाली तारीख. रविवार.

ती फळीकडे गेली. कोपऱ्यातली सगळ्यांत जुनी वही तिने ओढून काढली. पानं पिवळी पडली होती, अक्षर मात्र मोत्यासारखं.

‘जिना चढताना मोठा असतो आणि उतरताना लहान. — ठकी, वय पाच.’

‘झोप आली की कान सगळ्यांत शेवटी झोपतात. — ठकी, वय नऊ.’

मध्ये कुठे कुठे थोरामोठ्यांचीही वाक्यं होती. ठकीच्या दोन वाक्यांमध्ये जागा उरेल तिथे त्यांना बसवलं होतं.

ठकी परत आली आणि अण्णांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. तिने आजचं पान उघडलं. अक्षर थरथरत होतं, ओळ सोडून खाली उतरत होतं. ‘या घरातल्या भिंती बऱ्या. त्या निदान आवाज परत तरी’ — तिने वही ओढली तिथे पेन्सिलीची एक लांब रेघ उमटली होती.

अण्णांनी हात पुढे केला. “दे इकडे. ‘परत तरी’ इथपर्यंत आलंय. पुढचं जरा सावकाश सांग. हात आता पूर्वीसारखा पळत नाही.”

ठकीने वही दिली नाही. ती पुन्हा पुन्हा तेच पान वरपासून खालपर्यंत बघत होती. आज आल्यापासून ती जे जे बोलली होती, ते बहुतेक सगळं तिथे होतं. जिन्यातल्या मांजराबद्दलचंसुद्धा.

“अण्णा, यात एक वाक्य नाहीये,” ती म्हणाली. “मघाशी मी म्हटलं ना, मी जाते आहे म्हणून. ते कुठंय?”

अण्णा कानावरच्या पेन्सिलीला हात लावायला गेले. ती तिथे नव्हती, त्यांच्या मुठीतच होती. मग त्यांनी कितीतरी वर्षांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

“ते माझ्याच्याने लिहवलं नाही, ठके.”