बुधवारची घंटा

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी चर्चची घंटा फक्त बुधवारी वाजू लागली, कारण त्या दिवशी आवारात पेज वाटली जाई आणि घंटा ऐकून लांबलांबच्या वस्त्यांवरची माणसं भांडी घेऊन निघत. इतर दिवशी ती चुकूनही वाजवायची नाही, असं फादरांनी ठरवलं होतं. अगदी कोणी वारलं तरीही. घंटा वाजवणाऱ्याची बायको ती पेज शिजवायची, वाढायची. सोमवारी ती तापाने गेली. फादर त्याला म्हणाले, “तिच्यासाठी वाजव. मी नाही म्हणणार नाही.” तो म्हणाला, “नको फादर. उपाशीपोटी चालत येतील बिचारे, आणि चूल थंड बघून परत जातील. तिला ते सोसलं नसतं.” चार माणसांनी तिला मुकाट्याने माती दिली. बुधवारी त्याने नेहमीसारखी घंटा वाजवली. माणसं आली, रांग लागली, फादर स्वतः वाढायला उभे राहिले. तरी घंटा थांबेना; उलट तिचे ठोके संथ झाले, एकेक, मयताला वाजवतात तसे. रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या म्हातारीला ते ओळखू आले. “कोण गेलं हो फादर?” तिने विचारलं. फादरांनी हातातला डाव खाली ठेवला. “तुम्हाला दर बुधवारी वाढायची ना, ती,” ते म्हणाले. ही गोष्ट रांगेत मागे मागे पोचत गेली. पेजेची वाफ सगळ्यांच्या नाकाशी येत होती, पोरं आयांचे हात ओढत होती. घंटा थांबेपर्यंत कोणीही भांडं पुढे केलं नाही.